बटण दाबण्याआधीच माल संपला!

संगणकाच्या पडद्यावरची चित्रे झपाट्याने रेखाटणारा जो भाग असतो, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. १७ सप्टेंबर २०२० रोजी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे सहा वाजता, एनव्हिडिया कंपनीने आपल्या 'आरटीएक्स ३०८०' या नव्या कार्डाची विक्री इंटरनेटवर सुरू केली. किंमत ६९९ डॉलर. कितीतरी लोक आधीपासून टपून बसले होते. पण अनेकांना 'विकत घ्या' हे बटण दिसलेच नाही. दिसला तो 'माल संपला' हा शेरा! लवकरच तीच कार्डे ईबे या संकेतस्थळावर हजार डॉलरच्या वर भावाने झळकू लागली. लोक भयंकर चिडले.

तुम्ही विचाराल, कंपनीने भरपूर माल आधीच का बनवला नाही? ते वाटते तितके सोपे नाही. या कार्डाच्या चिपवर २८ अब्ज ट्रान्झिस्टर असतात आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे ६२८ चौरस मिलिमीटर आहे. अशा चिपा ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर कोरतात. चकतीचे क्षेत्रफळ काढा: सुमारे ७०,७०० चौरस मिलिमीटर. भागाकार येतो ११२. पण गोल चकतीतून चौकोनी तुकडे कापताना कडेचे वाया जातात, म्हणून हाती पूर्ण अशा सुमारे ८५ चिपाच येतात.

त्यातही दोष निघतात. एक प्रयोग करा. कागदावर डोळे मिटून पेन्सिलीचे १० ठिपके मारा. त्याच कागदावर १० मोठे चौकोन आखले, तर निर्दोष असे तीन-चारच उरतील. १०० लहान आखले, तर निदान ९० कोरे सापडतील. चिप जितकी मोठी, तितका एखादा सूक्ष्म दोष महाग पडतो. (३०८० मध्ये चिपवरच्या १०,७५२ गणन-घटकांपैकी ८,७०४ च चालू ठेवलेले असतात. थोडी सदोष चिपही त्यामुळे वाया जात नाही. ही युक्ती मला फार आवडते.) शिवाय चकती तयार व्हायला दोन-तीन महिने सहज जातात, आणि कारखानाही एनव्हिडियाचा नव्हे, तर सॅमसंगचा. आज मागणी वाढली म्हणून उद्या माल वाढत नाही.

तेव्हा तुटवड्याबद्दल कंपनीला फार दोष देता येणार नाही. वाटपाबद्दल मात्र जरूर देता येतो. 'जो आधी बटण दाबेल त्याला माल' ही शर्यत दिसायला न्याय्य, पण तिच्यात माणसाबरोबर यंत्रही धावत होते. दिवा लागलेला पाहून नुसते बटण दाबायला आपल्याला सुमारे ०.२ सेकंद लागतो. पुढे नाव-पत्ता भरणे आलेच. 'बॉट' नावाची आज्ञावली हे सारे क्षणार्धात उरकते आणि तिला झोपही येत नाही! सिनेमाची तिकिटे ब्लॅकने विकणाऱ्यांच्या हाती यंत्र आले, असे समजा. कंपनीने किंमत बेताची ठेवली खरी, पण वरचा फरक ग्राहकाच्या खिशात न राहता या मधल्या लोकांकडे गेला.

नंतर एनव्हिडियाने माफी मागितली आणि माणूस कोण, यंत्र कोण हे ओळखणारी 'कॅप्चा' चाचणी आपल्या दुकानात बसवली. ती आधी का नव्हती? संगणकाच्या क्षेत्रातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला बॉट ठाऊक नव्हते, हे पटणे कठीण. किती कार्डे विक्रीला आहेत, हेही तिने आधी सांगितले नव्हते.

वेगळी रीत शक्य होती. जुलै २०२१ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम डेक' या हातात धरून खेळायच्या संगणकासाठी पाच डॉलर घेऊन नावे नोंदवली. पहिले ४८ तास फक्त जून २०२१ पूर्वी तिच्याकडून काही विकत घेतलेल्या ग्राहकांनाच प्रवेश होता. त्यामुळे ऐन वेळी शेकडो खोटी खाती उघडून उपयोग नव्हता. नोंदणीच्या वेळी गर्दीने गोंधळ झालाच, मालही ठरल्यापेक्षा दोन महिने उशिरा, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस निघू लागला. पण प्रत्येकाला आपली पाळी साधारण कोणत्या तिमाहीत येणार ते कळत होते, आणि तोवर पहाटे उठून पडद्यासमोर बसण्याचे कारण उरले नव्हते.