टगचा फोटो कुठून घ्यावा?

श्रोतेहो, मुंबई बंदरात मोठी आगबोट धक्क्याला लागताना तुम्ही पाहिली असेल, तर तिच्या कुशीशी घुटमळणारी बुटकी, रुंद बोटही पाहिली असेल. तीच टग. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या जहाजाला ढकलायचे, ओढायचे, हा तिचा धंदा.

अशा टगांची जत्रा अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया शहरी १९७४ पासून भरत आली आहे. सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी तिकडे कामगार दिनाची सुट्टी असते. तिला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी पर्सिव्हल लँडिंग या धक्क्यावर टगा येऊन लागतात. १९१० साली बांधलेली ‘सँड मॅन’ ही लाकडी टग तर तिथलीच. काही टगा मात्र नुसत्या हौसेच्या. आकार टगचा, आत चूल नि बिछाने. कुटुंब घेऊन फिरायचे, ओझे ओढायचे नाही.

आता कॅमेऱ्याचे सांगतो. बहुतेक लोक टगचा फोटो समोरून घेतात. चित्र देखणे येते, पण ही टग कामाची की हौसेची, ते त्यात कळत नाही. त्यासाठी थोडे मागच्या बाजूला जा. कामाच्या टगवर मागचा भाग सखल आणि मोकळा असतो, नि तिथे जाड खुंट दिसतो. ओढीचा दोर याच खुंटाला. तो अगदी शेवटाला का नसतो? शेवटाला दोर बांधला, तर मागचे ओझे बोटीची शेपूट धरून ठेवते आणि सुकाणू फिरवूनही ती वळत नाही. दोर जरा पुढे, मध्याकडे बांधला, की शेपूट मोकळी राहते. गुरुजी, हे मुलांना हौदातल्या खेळण्यातल्या होडीवर दोरी बांधून सहज दाखवता येईल.

तर खुंट चित्रात हवाच. शेजारी खलाशी उभा असला तर फारच छान, मापही कळते. पण त्याला आधी विचारा. टग म्हणजे पुष्कळांचे घरच असते.

ऑलिंपियाला भरती-ओहोटीत पाणी चौदा फुटांच्या आसपास वरखाली होते. ओहोटीला वरच्या पक्क्या धक्क्यावरून नुसते छप्पर दिसेल, आणि मर्दानी टग खेळण्यासारखी वाटेल. म्हणून तरंगत्या धक्क्यावर उतरा, गुडघा टेका. तिथे तिकाटणे मात्र नेऊ नका, धक्काच हलत असतो!

सकाळची वेळ धरा. धक्क्यावरून पश्चिमेकडे पाहताना ऊन पाठीशी राहते. टगची खोली बहुधा पांढरी, अंग काळे. पांढऱ्यावर उजेड बेताचा ठेवा, नाहीतर खिडक्या, फळ्यांचे सांधे सारे पुसून जाईल. उद्या ही लाकडी बोट मोडीत निघाली, तर ते सांधे कसे होते, हे या फोटोवरूनच पाहावे लागेल. शर्यतीत धावणाऱ्या टगसाठी सेकंदाचा पाचशेवा भाग पुरे. मोबाइल असला, तर पांढऱ्या भिंतीवर बोट टेकवून उजेड थोडा उतरवा, नि मग टिपा.