काकूंच्या दारची दुधाची पिशवी

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गाडले गेले. १५० हून अधिक माणसे दगावली. बाहेर पहिली खबर कुणी दिली? एस.टी.च्या ड्रायव्हरने! ओळखीचे गाव जागेवर दिसेना, हे त्याच्या ध्यानात आले.

आठवायचे कारण आमच्या जुन्नरच्या आळीतले. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी ‘सुप्रभात’ची ढीगभर फुले. शेजारच्या काकू दोन दिवस तापाने पडून, आणि त्यांच्या फोनवर फुले साचताहेत! दारची पिशवी तशीच पाहून दूधवाल्या पोराने माझी कडी वाजवली. भिंतीला भिंत असून मला पत्ता नाही. लाज वाटली हो! हल्ली शाळेतून येताना त्यांच्याकडे घटकाभर टेकते. चहा मात्र फार गोड करतात त्या.