बळी तो कान पिळी, दिव्यांच्या दुनियेत

नाटक रंगात आलंय. एकाच दिव्याला चालू क्यू, म्हणजे प्रसंगासाठी आधीच नोंदवलेला दिव्यांचा हुकूम, सांगतो, '४० टक्के लाग'. बाजूचा फेडर, म्हणजे हातानं सरकवायची कळ, म्हणतो, '७० टक्के!' दिव्यानं ऐकायचं कुणाचं? दिवे चालवणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे लाइटिंग कन्सोलकडे, याचे कायदे पक्के आहेत. आपल्या म्हणींत तर ते केव्हाचेच आहेत.

बळी तो कान पिळी. याला म्हणतात एचटीपी, 'हायेस्ट टेक्स प्रेसिडेन्स'. ज्याचा आकडा मोठा, त्याचं राज्य. ४० आणि ७० आले की दिवा ७० वर. बेरीज होऊन ११० नाही. मेख एवढीच, की अंधार हवा तर सगळ्यांनीच माघार घ्यायची. एक फेडर चुकून वर राहिला, की क्यू शून्यावर आला तरी तो दिवा आपला सुरूच!

कानामागून आली आणि तिखट झाली. हा एलटीपी, 'लेटेस्ट टेक्स प्रेसिडेन्स'. फिरत्या दिव्याला एकानं 'डावीकडे बघ' सांगितलं, दुसऱ्यानं 'उजवीकडे', तर यात मोठं कोण? कुणीच नाही. म्हणून दिशा आणि रंगाच्या बाबतीत शेवटचा हुकूम खरा.

जैसे थे. ट्रॅकिंग कन्सोलवर क्यूमध्ये फक्त बदल नोंदवतात. पाचव्या क्यूत दिवा ५० वर नेला आणि पुढे त्याचं नाव काढलं नाही, तर सहाव्या-सातव्यातही तो ५० वरच. मग पाचव्यात ५० चं ३० केलं, की पुढचेही आपोआप ३०. ही साखळी तोडायची तर 'ब्लॉक' क्यू टाकायचा.

मान मोठ्यांचा. नेटवर्कवरच्या एसएसीएन पद्धतीत प्रत्येक कन्सोलला ० ते २०० असा मान देता येतो. काही न सांगितल्यास १००. १५० वाल्यानं 'मंद' म्हटलं, की १०० वाल्याचं 'लख्ख' वाया. मोठा अडीच सेकंद गप्प राहिला, की तो गेला असं धरून धाकट्याचा शब्द चालू.

पोच नसलेलं टपाल. कन्सोल आणि दिव्यांमधली, १९८६ मध्ये अमेरिकेत ठरलेली डीएमएक्स ५१२ भाषा आजही चालते. एका केबलवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा, आणि सगळी यादी सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ४४ वेळा. हुकूम नीट पोचला का, हे मात्र कुणी तपासत नाही. म्हणूनच रंगमंचावरचे स्फोट या केबलवर सोपवत नाहीत.

दिव्यांची पेटी. १९३५ च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेडरिक बेंथम यांनी चक्क ऑर्गनच्या पट्ट्या वापरून दिव्यांचा कन्सोल बनवला. पुढे १९७५ मध्ये 'अ कोरस लाइन' या संगीत नाटकासाठी थॅरन मसर यांनी संगणकी कन्सोल ब्रॉडवेवर आणला.

आणि सगळ्यांचा बाप? ग्रँड मास्टर, म्हणजे सगळ्या दिव्यांवरचा एकच फेडर. तो खाली ओढला, की एचटीपीतले बळीसुद्धा गार. पण त्याची सत्ता फक्त उजेडावर. दिशा आणि रंग त्याच्या हाताबाहेर. त्यामुळे प्रेक्षकांना दिसतो मिट्ट काळोख, आणि फिरते दिवे त्याच काळोखात पुढच्या प्रवेशाकडे गुपचूप मान वळवून बसलेले असतात.