गळा थकतो तेव्हां

गवयाचें म्हातारपण हें इतरांच्या म्हातारपणासारखें नसतें. वकिलाची दृष्टि मंद झाली तरी कागद दुसऱ्याकडून वाचवून घेऊन त्यास सल्ला देतां येतो. शिक्षकाचे गुडघे धरले तर तो खुर्चीवर बसून शिकवितो, आणि निवृत्त झाल्यावर तर प्रस्तुत लेखकाप्रमाणें मासिकांतून लेख लिहून लोकांस छळतो. सुताराची करवत, सोनाराची हातोडी हीं देहाबाहेरचीं हत्यारें आहेत; बोथटलीं तर नीट करतां येतात, मोडलीं तर नवीं आणतां येतात. परंतु गाणाराचें हत्यार त्याच्या देहांतच बसविलेलें असतें. देह खचला कीं हत्यार गेलें, आणि हत्यार गेलें कीं पुष्कळदां पोटहि गेलें.

हा विषय मनांत घोळूं लागला तो मात्र आमच्या गवयांमुळें नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्यें अमेरिकेंतील बोस्टन शहरच्या 'एरोस्मिथ' नांवाच्या रॉक संचानें, यापुढें आपण दौरे करणार नाहीं, असें जाहीर केलें. त्या संचाचा गायक स्टीव्हन टायलर हा तेव्हां ७६ वर्षांचा होता. आदल्या वर्षींच्या सप्टेंबरांत निरोपाचा दौरा सुरू होऊन अवघे तीन कार्यक्रम झाले, तोंच त्याच्या स्वरयंत्रास इजा झाली. नुसता घसा बसला नव्हता, तर तेथील कूर्चेस भंग झाला होता. वर्षभर उपचार करून पाहिल्यावर पूर्ववत् गातां येणार नाहीं हें त्या मंडळींनीं मान्य केलें. माझा एक पुतण्या २००७ सालीं बंगळूरास जाऊन यांचें गाणें ऐकून आला होता. ही बातमी वाचून तो दिवसभर गप्प होता. मजसारखा संस्कृताचा शिक्षक या संगीतास 'गोंगाट' म्हणून मोकळा होणारा. पण पुतण्याचें तें गप्प बसणें मला ओळखीचें वाटलें. भीमसेन जोशी गेले त्या दिवशीं, २४ जानेवारी २०११ रोजीं, आमच्या घरांतील वडील माणसें अशींच बसलीं होतीं.

गाणें देहाचें आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचला, तेव्हां श्रुति, स्वर, ग्राम यांकडे वळण्यापूर्वीं त्यानें मनुष्यदेह कसा घडतो, याचेंच विस्तृत विवेचन केलें. गाण्याच्या ग्रंथांत हा गर्भाचा आणि नाडींचा विचार कशासाठीं, असें विद्यार्थी विचारतात. उत्तर सरळ आहे. नाद देहांतून उठतो. म्हणून आधीं देह जाणला पाहिजे. ज्या कंठध्वनींत फारशा अभ्यासावांचूनहि राग प्रकट करण्याचें सामर्थ्य असतें, त्यास त्यानें 'शारीर' असेंच नांव दिलें आहे, कारण तें सामर्थ्य शरीराबरोबर जन्मास येतें. शरीराबरोबर जें येतें तें शरीराबरोबर ओसरावयाचेंहि, हें त्यानें न सांगतांहि कळतें. आजचें वैद्यक हेंच निराळ्या भाषेंत सांगतें. वय वाढलें कीं स्वरयंत्राच्या कूर्चा कठीण होतात, स्वरपट्ट्यांचे स्नायु झिजतात, दोन पट्ट्यांमध्यें फट राहून वारा निसटूं लागतो, छातीचा पिंजरा ताठरतो आणि दमसास तुटतो. हें झालें निरोगी म्हातारपणाचें. त्यांत पक्षाघात किंवा कंपवात आला म्हणजे काय होतें, हें पाहावयास बोस्टनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं.

धारवाड जिल्ह्यांतील कुंदगोळचे रामचंद्र गणेश कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचें उदाहरण घ्या. अब्दुल करीम खांसाहेबांचे हे शिष्य. यांचा गळा मूळचा सुलभ वळणारा नव्हता. अपार मेहनतीनें त्यांनीं तो वळविला होता. रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविल्या, मैफली गाजविल्या, आणि १९४२ च्या सुमारास, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, पक्षाघातानें त्यांचें जाहीर गाणें संपविलें. जो गळा कमावण्यांत अर्धें आयुष्य गेलें तो असा अकस्मात् हिरावला जावा, यापरतें दुर्दैव कोणतें! त्यानंतर ते दहा वर्षें जगले. १२ सप्टेंबर १९५२ रोजीं पुण्यास वारले. या दहा वर्षांविषयीं लोक फारसें बोलत नाहींत. मला मात्र हींच वर्षें विचार करण्याजोगीं वाटतात. कारण जानेवारी १९४६ मध्यें त्यांची साठी पुण्यांत साजरी झाली, तेव्हां त्यांचे शिष्य भीमसेन जोशी हे तेथें गायले, आणि त्या गाण्यानेंच तेवीस वर्षांच्या त्या तरुणाकडे सर्वांचे डोळे वळले. गुरु समोर बसलेले आहेत, त्यांस गातां येत नाहीं, आणि त्यांचेंच गाणें दुसऱ्या गळ्यांतून त्यांच्या कानीं येत आहे! आनंद कीं व्यथा, याचा निवाडा बाहेरच्यानें करूं नये. पुढें १९५३ पासून गुरूंच्या पुण्यतिथीनिमित्त जो महोत्सव पुण्यास सुरू झाला, तो आज सर्वांच्या परिचयाचा आहे.

भीमसेनांवर स्वतःवरहि तोच प्रसंग आला. उतारवयांत शस्त्रक्रिया झाल्या, चालणें कष्टाचें झालें. तरीहि २००७ च्या महोत्सवांत ते गायले. २००८ सालीं भारतरत्न जाहीर झालें, पण तें घेण्यास त्यांना दिल्लीस जाववेना. फेब्रुवारी २००९ मध्यें तो सन्मान पुण्यांतील त्यांच्या घरीं आणून देण्यांत आला. त्यांच्या गुरुभगिनी गंगूबाई हनगल यांची तर जिद्द विलक्षण. हाडांच्या मगजाच्या कर्करोगांतून उठून, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, मार्च २००६ मध्यें त्यांनीं आपल्या गायनाच्या पाऊणशे वर्षांनिमित्त अखेरची मैफल केली. असे गळे शंभरांत एक, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून इतर आजाऱ्यांस 'तुम्हीहि मनांत आणा' म्हणणें मला क्रूरपणाचें वाटतें.

नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सवाई गंधर्वांना रोगानें थांबविलें. बालगंधर्वांना थांबणें साधलेंच नाहीं. १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत पाऊल ठेवलेला हा नट साठी उलटल्यावरहि शालू नेसून रंगभूमीवर उभा राहत होता. त्यामागें हौस होती तितकीच निकडहि होती. गंधर्व कंपनीचीं कर्जें आणि ओढग्रस्त या गोष्टी महशूर आहेत. प्रेक्षक येत ते बहुधा जुन्या आठवणींस नमस्कार करण्यास. अखेर पाय अधू झाले. रंगभूमीवरील ज्यांच्या एका मुरडीवर महाराष्ट्र भाळला, त्यांस उठून चालतां येईना. तरीहि गळ्यांतला स्वर त्यांनीं सोडला नाहीं, भजनें गात राहिले. ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं पुण्यांत त्यांच्याच नांवाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्तें बसविली गेली. तें रंगमंदिर २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या जन्मदिनीं, उघडलें. पण ते १५ जुलै १९६७ लाच निवर्तले होते. त्यांनीं वेळीं थांबावयास हवें होतें, असें म्हणणारे जाणते पुष्कळ आहेत. मी त्यांत नाहीं. थांबून त्यांनीं खावें काय, आणि करावें काय, हें त्या जाणत्यांपैकीं कोणी सांगत नाहीं.

आजारानें माघार घेतलेला गवई परत येतो असेंहि कधीं घडतें. कुमार गंधर्व १९४८ सालीं क्षयानें जर्जर होऊन देवासला गेले. कांहीं वर्षें अंथरुणांत पडून माळव्यांतलीं लोकगीतें ऐकत राहिले. नव्या औषधानें बरे झाले, आणि एकाच धड फुप्फुसावर निराळेंच गाणें घेऊन उठले. पण ते तरुण होते. साठीसत्तरीच्या आजारांत हा न्याय लागत नाहीं.

तिकडील मंडळीहि याच चक्रांतून जातात, याचें मला नवल वाटलें. कारण त्यांच्याजवळ पैसा आहे, यंत्रें आहेत, आवाज हजारपट मोठा करण्याची सोय आहे. पण कंप पावणारा हात कोणतें यंत्र स्थिर करणार? गायक नील डायमंड यानें जानेवारी २०१८ मध्यें कंपवातामुळें दौरे सोडले. फिल कॉलिन्स हा मूळचा तालवादक. मानेच्या दुखण्यानें हातांच्या नसा निकामी होऊन त्याला काठी धरवेनाशी झाली. २६ मार्च २०२२ रोजीं लंडनमध्यें 'जेनेसिस' या संचाचा अखेरचा कार्यक्रम झाला, तेव्हां तो खुर्चीवर बसून गायला, आणि मागें ताल धरला तो त्याच्या मुलानें. हें वाचून मला आपल्या मैफलींतील तंबोऱ्यामागचा शिष्य आठवला. बुवांचा श्वास तुटतो त्याच क्षणीं तो अलगद स्वर उचलतो आणि श्रोत्यांस सांधा कळूं देत नाहीं. पुतण्याच्या मतें हें साम्य ओढूनताणून आणलेलें आहे. असेल.

बर्मिंगहॅमचा ऑझी ऑस्बॉर्न याचें चरित्र मासिकाच्या पानांवर सविस्तर देण्याजोगें नाहीं, पण शेवट सांगण्याजोगा आहे. २०२० सालीं त्यानें आपणांस कंपवात असल्याचें सांगितलें, २०२३ मध्यें दौरे सोडले, आणि ५ जुलै २०२५ रोजीं आपल्या जन्मगांवीं सिंहासनावर बसून निरोपाचें गाणें गायिलें. उभें राहवत नव्हतें. दौरे सोडलेला टायलरहि त्या दिवशीं तेथें येऊन तीन गाणीं म्हणून गेला. कार्यक्रमाचें उत्पन्न कंपवाताच्या संशोधनास व मुलांच्या रुग्णालयास देण्यांत आलें. सतराच दिवसांनीं, २२ जुलै रोजीं, ऑझी वारला.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्या मावळाचें आणि गाण्याबजावण्याचें नातें फार जुनें. मळवली स्टेशनावर उतरून भाज्याचीं लेणीं चढून गेल्यास तेथील कोरीव कामांत चर्मवाद्य वाजविणारी स्त्री दिसते. दोन हजार वर्षांहून अधिक काळ तिचे हात थकलेले नाहींत. जिवंत माणसांचें तसें नाहीं. लोणावळ्याच्या आषाढांत तंबोरा उतरतो, पखवाजाची पुडी सैल पडते, मग म्हाताऱ्या गळ्याची काय कथा! श्वासाच्या शास्त्राचा विचारहि याच गांवीं झाला. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून प्राणायामाची प्रयोगशाळेंत परीक्षा आरंभिली. श्वासाच्या बेताच्या अभ्यासानें वृद्धांचा दमसास कांहीं काळ टिकतो. पण पक्षाघातानें गेलेला गळा केवळ प्राणायामानें परत येईल, अशी आशा कोणी लावूं नये. कंपवातांत आवाज बारीक होत जातो, आणि रोग्यास स्वतःस तें कळत नाहीं. घरच्यांनाच ऐकूं येत नाहीं असें त्यास वाटतें. अशा रोग्याकडून नेमानें मोठ्यानें बोलण्याचा सराव करून घेण्याची पद्धति आहे व तिचा उपयोग होतो. घरांतल्या सुनांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें, कारण 'मामंजी पुटपुटतात' ही तक्रार प्रथम त्यांच्याच कानीं येते.

पोटापाण्याची बाजू थोडक्यांत सांगतों. सरकार १९५४-५५ पासून वृद्ध कलावंतांस मानधन देत आलें आहे. २०२४ पासून तें दरमहा ५,००० रुपये झालें. परंतु आपण कलावंत आहों हें कागदांनीं सिद्ध करावें लागतें. पन्नास वर्षें देवळांत गाणाराजवळ कागद कोठले? गांवांतील लिहित्यावाचत्या माणसांनीं ही खटपट अंगावर घ्यावी.

पवन मावळांतील एका गांवच्या भजनी मंडळाचे बुवा माझ्या परिचयाचे आहेत. तीन वर्षांपूर्वीं त्यांस पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. सांगावयाचें एक असे आणि तोंडांतून दुसराच शब्द येई; मग ते संतापून गप्प बसत. थोरला मुलगा त्यांस देवळांत नेईना. लोक हसतील, ही त्याची भीति. त्याची बायको मात्र म्हणाली, "आप्पा घरांत नुसते भिंतीकडे पाहत बसतात. देवळांत निदान देवाकडे पाहतील." ह्या एका वाक्यावर घरांत आठ दिवस वाद चालला, आणि शेवटीं एका एकादशीस त्यांस खुर्चींत बसवून नेलें. भजन रंगांत आलें आणि बुवांनीं तोंड उघडलें. ज्यांस पाणी मागतां येत नव्हतें त्यांच्या मुखांतून अभंगाचे शब्द चरणामागून चरण नीट आले.

मंडळींनीं हा चमत्कार मानला. चमत्कार नव्हे. बोलण्याचें केंद्र बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूस असतें, आणि तें दुखावल्यावरहि पाठ असलेलें गाणें पुष्कळांस शब्दांसह म्हणतां येतें, हें डॉक्टरांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. १९७३ पासून तर या गोष्टीचा आधार घेऊन सुरांच्या वाटेनें बोलणें शिकविण्याची उपचारपद्धतिहि निघाली आहे. मीं हें मुलास समजावून सांगितलें. त्यास चमत्कारच बरा वाटला असावा, पण वडिलांस नेण्याचें त्यानें थांबविलें नाहीं.

पट्टी मात्र बुवांस झेपेना. पूर्वीं हे मंडळ पांढरी चारमध्यें गाई. पेटीवाल्यानें ती काळी एकपर्यंत उतरविली, तेव्हां तरुण टाळकरी कुरकुरले. इतक्या खालीं रंग भरत नाहीं, असें त्यांचें म्हणणें, आणि तें खोटेंहि नाहीं. आतां तडजोड झाली आहे. दर एकादशीस पहिला तासभर काळी एकमध्यें गातात. मग सून बुवांस गरम पाणी पाजते, खुर्ची खांबाशीं सरकविते, आणि मंडळी आपली जुनी पट्टी लावतात.