कन्सोलचा चष्मा, संगणकाचे चित्र

गेम कन्सोल म्हणजे केवळ खेळांसाठी बनवलेला संगणक. तो दूरचित्रवाणी संचाला जोडायचा, नियंत्रक हातात घ्यायचा आणि खेळायला बसायचे. सोनी या जपानी कंपनीने प्लेस्टेशन ४ या कन्सोलसाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये डोक्यावर बांधायचा एक चष्मा विक्रीस आणला. प्लेस्टेशन ५ साठी त्याची सुधारित आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. हा चष्मा, म्हणजेच हेडसेट, डोळ्यांवर चढवला की आपली खोली दिसेनाशी होते आणि आपण एखाद्या दरीच्या काठावर किंवा विमानात बसलो आहोत असे वाटू लागते. यालाच आभासी वास्तव म्हणतात.

ज्याच्याकडे असा चष्मा आहे आणि टेबलावर चांगला संगणकही आहे, त्याला साहजिकच वाटते की हा चष्मा संगणकाला का जोडू नये? चित्रे तर दोन्ही यंत्रे तयार करतात. केबल लावली की झाले! प्रत्यक्षात मात्र एवढ्याने भागत नाही. का भागत नाही, ते पाहू.

डोळ्याजवळचा पडदा

हे पान डोळ्यापासून चार सेंटिमीटरवर धरा. अक्षरे पुसट होतात. निरोगी डोळ्याला साधारण २५ सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू स्पष्ट दिसत नाही. मग चष्म्यातला पडदा डोळ्याच्या इतका जवळ असून दिसतो कसा? उत्तर भिंगात आहे.

समजा, बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर ४ सेंटिमीटर आहे आणि पडदा भिंगापासून ३.९ सेंटिमीटरवर आहे. भिंगाच्या सूत्रात या किमती घाला. प्रतिमा पडद्याच्याच बाजूला, सुमारे १५६ सेंटिमीटरवर येते. ती आभासी, सुलटी आणि मोठी असते. म्हणजे नाकाजवळचा पडदा डोळ्याला दीड मीटरवर असल्यासारखा दिसतो. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोली जाणतो. हे तत्त्व चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ सालीच मांडले होते.

पण असे जाड भिंग चित्र थोडे वाकवते. चौकोनाच्या कडा आत दबतात आणि कोपरे बाहेर ताणले जातात. म्हणून चित्र मुद्दाम उलट वाकवून, पिंपासारखे फुगवून, पडद्यावर काढावे लागते. मग भिंगातून पाहताना ते सरळ दिसते. चित्र किती वाकवायचे हे त्या विशिष्ट भिंगावर अवलंबून असते. संगणकाला ते माहीत असल्याखेरीज चित्र नीट दिसणार नाही.

डोके कोठे आहे?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मान वळवली की दृश्य बदलले पाहिजे. त्यासाठी डोके कोणत्या दिशेला वळले आहे आणि ते खोलीत कोठे आहे, या दोन्ही गोष्टी यंत्राला कळाव्या लागतात. वळणे, कलणे आणि झुकणे या तीन हालचाली, आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकणे या आणखी तीन, अशा एकूण सहा हालचालींचा हिशेब ठेवावा लागतो.

चष्म्यात कोनीय वेग आणि त्वरण मोजणारी इवलीशी उपकरणे असतात. त्यांवरून डोक्याची दिशा चांगली कळते. मग त्वरणावरून डोक्याचे स्थानही काढता येणार नाही का? करून पाहू. समजा, त्वरण मोजताना ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच चूक सतत होते आहे. विस्थापन = ½ × त्वरण × काळाचा वर्ग, या सूत्राने १० सेकंदांनंतर स्थान अर्ध्या मीटरने चुकेल, आणि एका मिनिटानंतर १८ मीटरने! खुर्चीत बसलेला माणूस यंत्राच्या मते घराबाहेर पोहोचलेला असेल.

म्हणून स्थानासाठी कॅमेऱ्याची मदत घेतात. २०१६ च्या चष्म्यावर नऊ दिवे होते आणि कन्सोलला जोडलेला कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवी. हा चष्मा संगणकाला जोडला तर संगणक त्याला साधा पडदा समजतो, आणि डोळ्यांसमोर सिनेमाचा मोठा पडदा तेवढा दिसतो. काही हौशी प्रोग्रॅमरांनी स्वतंत्र प्रोग्रॅम लिहून त्याच्याकडून डोक्याची दिशाही मिळवली. पण नऊ दिव्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा नसेल, तर सहापैकी तीनच हालचाली कळतात. मान वळवता येते, पण पुढे वाकून टेबलाखाली डोकावता येत नाही. २०२३ च्या चष्म्यात चार कॅमेरे चष्म्यावरच बसवले आहेत. ते खोलीतल्या कडा व कोपरे पाहून आपले स्थान ठरवतात.

सेकंदाचा पन्नासावा भाग

समजा, आपण सेकंदाला १०० अंश या वेगाने मान वळवली. चित्र बदलायला ५० मिलिसेकंद लागले, तर दृश्य ५ अंश मागे राहील. हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी सुमारे २ अंश भरते. म्हणजे सारे जग अडीच अंगठे मागे रेंगाळेल. आपल्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका मेंदूला सांगतात की डोके वळले, आणि डोळे सांगतात की अजून नाही. या भांडणात मळमळ सुरू होते. घाटातल्या एसटीत पुस्तक वाचणाऱ्याला होते, तशीच.

यासाठी हालचाल आणि चित्र यांतील विलंब २० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या, आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. सेकंदाला ९० चित्रे दाखवायची तर दर चित्राला ११ मिलिसेकंदच मिळतात. संगणक दुबळा असेल तर येथेच तो मागे पडतो.

केबलचा हिशेब

२०२३ च्या चष्म्यात प्रत्येक डोळ्यासाठी २०००×२०४० चित्रबिंदू आहेत. दोन डोळ्यांचे ८१ लाख ६० हजार झाले. सेकंदाला १२० चित्रे आणि दर बिंदूला २४ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे २३.५ अब्ज बिट वाहून न्यावे लागतात. एचडीएमआय २.० या जोडणीची चित्रासाठी उपयोगी क्षमता सेकंदाला १४.४ अब्ज बिट आहे, तर डिस्प्लेपोर्ट १.४ ची सुमारे २५.९ अब्ज. आता कोणती केबल लागेल ते सांगायला नको.

हा चष्मा कन्सोलला एकाच यूएसबी-सी केबलने जोडतात. चित्र, संदेश आणि वीज तिन्ही तिच्यातूनच जातात. संगणकातही अशी सोय व्हावी म्हणून एनव्हिडिया, एएमडी, मायक्रोसॉफ्ट, ऑक्युलस आणि व्हाल्व्ह या कंपन्यांनी २०१८ साली व्हर्च्युअललिंक नावाचे समान मानक जाहीर केले होते. पण ते रुजले नाही आणि २०२० मध्ये मागे पडले. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सोनीनेच संगणकासाठी एक छोटी जोडपेटी आणली. तिला डिस्प्लेपोर्ट १.४ ची केबल, यूएसबी आणि स्वतंत्र वीजपुरवठा लागतो. हातातल्या नियंत्रकांसाठी संगणकात ब्लूटूथ हवे. ही जोडपेटी आली तेव्हा नजरेचा मागोवा, चष्म्याचे कंपन आणि उजळ-गडद छटांचा वाढीव पल्ला या गोष्टी संगणकावर मिळत नव्हत्या.

यातील नजरेचा मागोवा ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या दृष्टिपटलाच्या मध्याजवळचा छोटासा भागच बारीक तपशील टिपतो. नजर कोठे आहे हे कळले, तर तेवढाच भाग बारकाईने रेखाटून बाकीचा ढोबळ ठेवता येतो आणि यंत्राचे श्रम वाचतात. ही सोय नसेल तर ते ओझे संगणकावर पडते.

एका गोष्टीचा विचार सर्वांनीच करावा. चष्म्यातली भिंगे, पडदा आणि कॅमेरे तेच होते. तरी संगणकावर त्यांचा उपयोग व्हायला दीड वर्ष लागले, कारण दोन यंत्रांत समान भाषा नव्हती. विजेच्या खटक्याची पिन कोणत्याही कंपनीच्या दिव्याला चालते, ती मानक ठरल्यामुळेच. उपकरण विकत घेतले तरी ते कशाला जोडता येईल, हे मानकेच ठरवतात.

जपून

हे चष्मे १२ वर्षांखालील मुलांनी वापरू नयेत अशी कंपनीचीच सूचना आहे. मोठ्यांनीही सुरुवातीला बसून, थोडाच वेळ वापरावा. मळमळू लागताच चष्मा उतरवावा. उभे राहायचे असेल तर आसपासचे स्टूल आणि टेबल आधी बाजूला सारावे.

चष्मा नसला तरी प्रयोग करता येतो. मोबाइलच्या पडद्यावर पांढरे चित्र आणा आणि प्रयोगशाळेतल्या बहिर्वक्र भिंगातून पाहा. भिंग पुरेसे जोरदार असेल तर लाल, हिरवे आणि निळे ठिपके दिसतील. आणि एक उदाहरण सोडवा: २०१६ च्या चष्म्यात दोन्ही डोळे मिळून १९२०×१०८० चित्रबिंदू होते आणि सेकंदाला १२० चित्रे. उत्तर ६ अब्ज बिटांच्या जवळपास यायला हवे. त्या चष्म्याला एचडीएमआय केबल का पुरली, हे त्यावरून कळेल.