ठासणीची बंदूक आणि गवा

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्यासाठी एक खास तरतूद आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी एखाद्या नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला आणि बाकी आडकाठी नसली, तर अधिकाऱ्याने तो द्यावा. ठासणीची बंदूक त्या कामाला पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे काडतुसाच्या बंदुका येऊन शंभर वर्षे होत आली असताना कायद्याने शेतकऱ्याच्या हाती पहिल्यांदा ठेवली ती तोंडातून दारू भरायची, एका बाराची बंदूक. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. हे शस्त्र सावकाश चालते, जवळच मारते, दंगलीत फारसे कामाचे नाही, आणि शेताच्या बांधावर ते पुरेसे ठरेल असे मानले गेले. पण साताऱ्याच्या पाटण-जावळीत आणि सांगलीच्या शिराळ्यात, जिथे शेताचा बांध आणि जंगलाची हद्द एकमेकांना लागून आहेत, तिथे या बंदुकीपुढे ससा-साळिंदर नव्हे, गवा आणि सांबर येतात. या जनावरांसाठी ठासणीची बंदूक हे जखमी करण्याचे शस्त्र आहे, मारण्याचे नव्हे आणि राखणीचेही नव्हे.

बंदूक भरतात कशी ते जवळून पाहिले की तिच्या मर्यादा आपोआप दिसतात. नळी उभी धरायची, अंदाजाने किंवा मापाने दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचे, मग शिशाची गोळी नाहीतर मूठभर छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोडा मागे ओढून खालच्या बोंडीवर तांब्याची टोपी चढवायची. सरावलेल्या हातालाही याला अर्धा मिनिट सहज लागतो; अंधारात, ओल्या बोटांनी, त्याहून जास्त. दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. रूढ प्रमाण शंभरात ७५, १५ आणि १०. ही दारू जळते तेव्हा वजनाने तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, तो धुराच्या आणि काजळीच्या रूपाने उरतो. बार उडाल्यावर पुढे पांढरा पडदा उभा राहतो आणि गोळी लागली की नाही, लागली तर कुठे, जनावर कुठल्या अंगाला गेले, हे नेमके त्याच क्षणी मारणाऱ्याला दिसत नाही. काजळी हवेतले पाणी ओढून घेते, नळी गंजवते आणि पुढच्या बाराला अडथळा करते. भात पोटरीला येते आणि जनावरे शेतात उतरू लागतात, तेव्हा या पट्ट्यात पावसाळा अजून हटलेला नसतो. पाटण तालुक्यातले पाथरपुंज राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक आहे. तिथल्या हवेत दारू सर्दावते आणि चाप ओढल्यावर कधी नुसती टोपी फुटते, कधी बार उशिरा सुटतो. तोवर जनावर दोन पावले सरकलेले असते, आणि छातीवर धरलेला नेम पोटावर बसतो.

आता गव्याकडे पाहू. पूर्ण वाढलेला नर सातशे ते हजार किलोंपर्यंत भरतो. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत त्याला जो उंचवटा दिसतो, तो मणक्यांच्या वर निघालेल्या लांब हाडांचा आणि त्यांच्यावरच्या स्नायूंचा आहे. तिथे लागलेली गोळी कण्याच्या वरून मांसातून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला शरीराचा मध्य जिथे वाटतो त्याहून काळीज बरेच खाली, पुढच्या पायाच्या मागे, जाड कातड्या-स्नायूंच्या आड असते. म्हणजे ज्याने गव्याच्या शरीराचा अभ्यास केलेला नाही, तो चांगला नेम धरूनही वरच मारतो. बारा बोअरच्या नळीत बसणारी शिशाची गोळी एका पौंडाचा बारावा हिस्सा, सुमारे ३८ ग्रॅम असते. गोल गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते आणि मऊ शिसे जाड हाडावर चपटे होते. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या गोळीला फिरकी नसल्याने पन्नास पावलांपलीकडे तिचा भरवसा धरता येत नाही. छर्ऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ते कातड्यात आणि वरच्या मांसात रुततात, गवा कळपाबरोबर निघून जातो आणि जखमेत पू धरतो. सांबराचे अंग गव्याहून पुष्कळ लहान, पण पोटात गोळी बसलेले सांबरही कित्येक तास चालत राहते. दुसरा बार भरेपर्यंत अर्धा मिनिट गेलेला असतो, म्हणून घायाळ जनावराला लगेच सोडवण्याची सोयही या बंदुकीत नाही. मुख्य दोष हाच आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येतो: काळ्या दारूच्याच बंदुकांनी एकोणिसाव्या शतकात हत्तीपासून वाघापर्यंत सगळे मारले गेले, मग ती कुचकामी कशी? ती दारू कुचकामी नव्हतीच. पण ते शिकारी काय घेऊन जात ते पाहावे. सॅम्युएल बेकर या इंग्रजाने सिलोनमध्ये हत्तींसाठी वापरलेली रायफल साधारण साडेनऊ किलोंची होती, आणि तिच्या एका बाराला १६ ड्रॅम, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम दारू लागे. असे शस्त्र पेलायला ताकद लागते, त्याचा धक्का सोसायला सराव लागतो, आणि शेजारी भरलेल्या आणखी बंदुका घेतलेले नोकर लागतात. कोयनेच्या खोऱ्यातल्या माळ्यावर एकटा बसलेला शेतकरी आणि हे शिकारी यांच्यात सामायिक आहे ती फक्त दारूची जात. शिवाय त्या काळच्या शिकारकथांमध्ये जखमी गव्याने उलटून केलेला हल्ला वारंवार भेटतो. त्याला साहस म्हणून वाचण्याची आपल्याला सवय लागली आहे. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी ती चुकलेल्या बाराची नोंद असते. याच सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन हिंडले, पण मराठी वाचकाच्या मनात राहिले ते जनावरांकडे टक लावून पाहणारे लेखक म्हणून. शिकारीची जाण आणि शिकारीचा हट्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या लेखनामुळे आपल्याला केव्हाच कळले आहे.

दुसरा आक्षेप परदेशातून येतो आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो; पेन्सिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा आहे. एकच बार हाती असला की माणूस जवळ जातो, धीर धरतो, उगाच गोळी झाडत नाही, आणि जनावरालाही संधी मिळते, असे तिथले शिकारी म्हणतात. त्यांचा मुद्दा मी खोटा मानत नाही. पण तिथे समोर असते ते बहुधा मध्यम बांध्याचे, संख्येने विपुल हरीण. बंदुकीच्या बोअरवर नियम असतात, शिकारी निशाणेबाजीचा सराव करून येतो, दिवसाउजेडी मारतो आणि रक्ताच्या मागावर जायला त्याच्याकडे सवड असते. आपल्याकडे रात्रीची वेळ, बॅटरीचा झोत, सर्दावलेली दारू, दहापट वजनाचे जनावर, आणि गोळी झाडणाऱ्याच्या मनात पकडले जाण्याची भीती. अशा माणसाला मागावर जाताच येत नाही. संयमाचा सगळा युक्तिवाद ज्या अटींवर उभा आहे, त्यातली एकही अट सह्याद्रीत पुरी होत नाही.

कायद्याची दुसरी बाजू याहून गुंतागुंतीची आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकार या शब्दात मारण्याबरोबर जखमी करणेही येते, तसा प्रयत्नही येतो. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरे होण्यापलीकडे जायबंदी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. उभ्या पिकाची नासधूस हे कारण त्याच्या बाबतीत चालत नाही. जीव वाचवण्यासाठी केलेला प्रतिकार तेवढा गुन्हा ठरत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीला किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे. आता शिराळ्यातल्या शेतकऱ्याची स्थिती पाहा. एक कायदा पीक राखण्यासाठी बंदूक देतो, दुसरा कायदा पीक खाणाऱ्या गव्यावर ती चालवली तर तुरुंगात पाठवतो. दोन्ही कायदे आपापल्या जागी खरे, पण दोहोंच्या मध्ये तो एकटा उभा आहे, आणि निवडणूक आली की ती बंदूकही पोलीस ठाण्यात जमा करायची.

नुसत्या आवाजासाठी बार काढतो, असे पुष्कळ शेतकरी सांगतात, आणि ते खरेही असते. पण आवाजाला जनावर काही दिवसांत सरावते, हा राखण करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. आणि भरलेली बंदूक हाती असताना, डोळ्यांदेखत रात्रीतून भाताचा चिखल होत असताना, नळी आभाळाकडेच राहील याची हमी कोण देणार? नुकसान खोटे नाही. कोयना अभयारण्य (१९८५) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. गवा आणि सांबर हे वाघाचे भक्ष्य. ते टिकले पाहिजेत असे आपण समाज म्हणून ठरवले. मग त्यांच्या चाऱ्याचा खर्च मात्र सीमेवरच्या वीस गुंठ्यांच्या खातेदाराने एकट्याने का सोसावा? गवे आता जंगलापुरते राहिलेलेही नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागात दगावला. पुढच्या डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात आलेला गवा वनखात्याने पकडून सोडला. अंगात छर्रे घेऊन फिरणारा गवा अशा गर्दीत आला, तर काय होईल याचा विचार परवाना देणाऱ्यानेही केला पाहिजे.

रानडुकराची गोष्ट वेगळी, हे मान्य केले पाहिजे. त्याच्यासाठी पिकाच्या नुकसानीवरून परवानगी मिळू शकते, आणि जवळून नीट बसलेल्या गोळीने ते मरतेही. पण परवानगी घेऊनच मारायचे असेल, तर ते काम चांगले शस्त्र असलेल्या, सराव केलेल्या माणसाकडे द्यावे. वनखात्याने तालुक्यागणिक अशी माणसे तयार ठेवावीत. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत पीक संरक्षणाच्या परवान्याच्या नूतनीकरणाला जो अर्ज येतो, त्यावर जिल्हाधिकारी कार्यालयाने एवढेच विचारावे की या शेतात कोणते जनावर येते. उत्तर गवा किंवा सांबर असेल, तर बंदुकीचे नूतनीकरण करण्याऐवजी तोच अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे सौरकुंपणाचा प्रस्ताव म्हणून जावा, आणि त्या हंगामातला पंचनामा पीक शेतात उभे असेपर्यंत व्हावा. उशिरा झालेल्या पंचनाम्यात पायाचे ठसे पावसाने पुसलेले असतात, आणि भरपाई ठरवायला काही उरत नाही.