कॅन्सर, दिव्यांगत्व आणि पैसा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅन्सर शरीरात पसरला की रुग्णाला दिव्यांगत्वाचा दाखला आपोआप मिळतो, असे पुष्कळ कुटुंबे धरून चालतात. तसे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि त्यांत कॅन्सरचे नाव नाही. यादीत रक्ताचे विकार आहेत, पण तीनच: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल. रक्ताचा कॅन्सर त्यांत येत नाही. केमोथेरपीनंतर आठ-आठ दिवस अंथरुणातून उठवत नाही, वेदनांमुळे झोप लागत नाही, या गोष्टी रुग्णाला कितीही पांगळे करत असल्या तरी दाखल्याच्या टक्केवारीत त्यांना जागा नाही.

याचा उलटा गैरसमजही तितकाच नुकसान करतो. कॅन्सर यादीत नाही म्हणजे कॅन्सरच्या रुग्णाला दाखला मिळतच नाही, असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत. कॅन्सरच्या बाबतीत कायदा आजाराचे नाव पाहत नाही. आजाराने किंवा उपचाराने शरीराची कोणती क्षमता दीर्घकाळासाठी गेली ते पाहतो. हाडाच्या कॅन्सरमुळे पाय काढावा लागला, मणक्यात गाठ पसरून कमरेखालची ताकद गेली, तर तो रुग्ण अस्थिव्यंगाच्या प्रकारात येतो. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढले असेल, तर वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाच्या व्याख्येत या शस्त्रक्रियेचा थेट उल्लेख आहे. तंबाखूने तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर जिथे इतके वाढवले, त्या महाराष्ट्रात ही तरतूद घरोघरी माहीत असायला हवी होती. दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि त्यातूनच यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. ही रेषा कधी कधी फार निष्ठुर ठरते. डोळ्याच्या कॅन्सरमुळे एक डोळा काढलेल्या मुलाची दुसऱ्या डोळ्याची नजर चांगली असेल, तर त्याचे दिव्यांगत्व ३० टक्केच धरले जाते आणि ते मूल सवलतींच्या बाहेर राहते.

या गोंधळाला परदेशातून येणाऱ्या माहितीचाही हातभार लागतो. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खाते काही गंभीर कॅन्सरचे दिव्यांगत्वाचे अर्ज २००८ पासून वेगळ्या, जलद मार्गाने निकाली काढते. ब्रिटनमध्ये रुग्णाचे आयुष्य १२ महिन्यांहून कमी उरण्याची शक्यता डॉक्टरांनी कळवली की भत्त्याचा अर्ज विशेष नियमांखाली घेतला जातो. तिकडे राहणारे नातेवाईक हे सांगतात, ते त्यांच्या देशापुरते बरोबरच असते. भारतात निदानावरून थेट दिव्यांगत्व भत्ता सुरू करणारी अशी एकच व्यवस्था नाही. इथे मदत आहे ती वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली, आणि प्रत्येक ठिकाणची अट निराळी: कुठे उत्पन्न, कुठे रेशनकार्ड, कुठे नोकरी.

मासिक अनुदान दिव्यांगत्वाच्या दाखल्याशिवाय मिळू शकत नाही, ही समजूतही चुकीची आहे. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ६५ वर्षांखालील निराधार व्यक्तींमध्ये क्षयरोग, पक्षाघात, कुष्ठरोग यांच्याबरोबर कर्करोगाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे हातपाय धड असलेला पण आजारामुळे कमावू न शकणारा रुग्णही अर्ज करू शकतो. त्याला शासकीय रुग्णालयाचे आजाराचे प्रमाणपत्र लागते. अर्ज तहसील कार्यालयात होतो, आणि सोबत उत्पन्नाचा दाखला, राज्यातील १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, आधार आणि बँक पासबुक द्यावे लागते. २०२३ पासून अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले. अडचण आहे ती उत्पन्नाच्या अटीत. संपूर्ण कुटुंबाची वार्षिक मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. शेतमजुरी करणारे घरसुद्धा एवढ्या आकड्यात बसणे कठीण. आजार यादीत असूनही मर्यादेमुळे खरे गरजू बाहेर राहतात, हा या योजनेतला मोठा दोष आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

रुग्णालयाच्या खर्चाबाबत सर्वांत महागात पडणारी समजूत म्हणजे ‘आधी पैसे भरू, मग योजनेतून परत घेऊ.’ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असा परतावा मिळत नाही. योजना रोकडरहित आहे. अंगीकृत रुग्णालयातच उपचार घ्यावे लागतात आणि उपचारांआधी मंजुरी लागते. त्यामुळे रुग्णालयात पाऊल टाकताच पहिली भेट योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राची घ्यायला हवी. ही योजना फक्त पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांसाठी आहे, असे अजूनही सांगितले जाते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची व्याप्ती पांढऱ्या कार्डासह सर्व कुटुंबांपर्यंत वाढवली आणि संरक्षण वर्षाला ५ लाख रुपये केले. मात्र हे ५ लाख साऱ्या कुटुंबाचे मिळून आहेत, प्रत्येक सदस्याचे स्वतंत्र नाहीत. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनची ठरलेली पॅकेजे त्यात आहेत, पण बाजारात आलेले प्रत्येक नवे औषध त्यात असेलच असे नाही. आरोग्यमित्राच्या टेबलावर खरी अडचण बहुधा साध्या कारणाने येते: लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेले असते आणि सासरच्या कार्डावर चढलेले नसते. निदान होताच रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळवून घेतली, तर ऐन उपचारांच्या वेळची धावपळ टळते. ७० वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे दार उत्पन्नाची अट न घालता उघडले आहे; त्यासाठी वय वंदना कार्ड काढावे लागते.

‘मोठ्या खासगी रुग्णालयात गरिबाला थारा नाही’ हेही अर्धेच खरे. विश्वस्त संस्थांनी चालवलेली रुग्णालये कायद्याने धर्मादाय आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. या खर्चासाठी रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. पात्रता उत्पन्नावर ठरते आणि तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड पाहिले जाते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे लेखी मागणी करावी. दाद न मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

नोकरदार रुग्णांच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते, आणि ती एका सहीत होते. आता कामावर जाणे जमणार नाही, उगाच कंपनीला त्रास नको, म्हणून रुग्ण राजीनामा देतो. राजीनाम्यामुळे काय काय जाते ते मात्र नंतर कळते. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंती करता येते, पण तिथे जोखमीची नव्याने तपासणी होऊ शकते. भविष्य निर्वाह निधीला जोडलेला जीवन विमा नोकरीत असताना मृत्यू झाल्यास वारसांना ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम देतो. नोकरी सोडल्यावर कुटुंबाचा तो आधारही जातो. कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या म्हणजे ईएसआयच्या कामगाराचे नुकसान याहून मोठे. त्याला साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने रक्कम मिळते. पण ३४ दीर्घ आजारांची एक स्वतंत्र यादी आहे, कॅन्सर तिच्यात आहे, आणि त्या रुग्णाला विम्याखालील सेवेच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील तर ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या घरात या रकमेवर चूल पेटते. तेव्हा राजीनाम्याच्या आधी वैद्यकीय रजा, बिनपगारी रजा आणि हलके काम हे तिन्ही पर्याय लेखी मागून पाहावेत. शासकीय कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर त्याला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, नसल्यास अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. ही हमी दिव्यांग हक्क कायद्यातच आहे.

निवृत्तिवेतनासाठी १० वर्षे भरलीच पाहिजेत, ही समजूतही इथे आडवी येते. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत कायमस्वरूपी आणि संपूर्ण असमर्थता आलेल्या सदस्याला ती अट नाही; किमान एक महिन्याची वर्गणी पुरते. असमर्थता कामावरच्या अपघातातून आलेली असावी असेही बंधन नाही. ती नोकरीत असताना आलेली असावी आणि आधी जे काम जमत होते ते आता अजिबात जमत नाही, असे वैद्यकीय तपासणीत दिसावे लागते. म्हणजे हा हक्कसुद्धा राजीनाम्याची तारीख आधी पडली तर अडचणीत येतो. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणासाठी काढलेली रक्कम कर्ज नसते आणि परत भरावी लागत नाही. पण ती उद्याच्या पुंजीतून जाते, म्हणून योजनेचे पैसे मिळण्यासारखे असतील तर आधी ते वापरणे शहाणपणाचे.

खासगी विम्याबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी असते. एकदा मोठा दावा केला की कंपनी पुढच्या वर्षी पॉलिसी बंद करील, या धास्तीने लोक दावाच लांबवतात. दावा केला या कारणावरून आरोग्य विम्याचे नूतनीकरण नाकारता येत नाही. धोका आहे तो हप्ता वेळेवर न भरण्याचा, कारण पॉलिसी तुटल्यावर कॅन्सरच्या रुग्णाला नवी मिळणे फार कठीण. सलग ६० महिने चालू राहिलेल्या पॉलिसीतला दावा, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुनी माहिती लपवल्याचे कारण देऊन फेटाळता येत नाही. आयुर्विम्यात हीच मुदत तीन वर्षांची आहे. आयुर्विम्यासोबत घेतलेले कायम अपंगत्वाचे जादा संरक्षण मात्र बहुधा अपघातापुरते असते. कॅन्सरने आलेल्या पंगुत्वाला ते लागू पडत नाही. याउलट काही मुदत विमा पॉलिसींमध्ये रुग्णाचे आयुष्य थोडेच उरल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास विम्याची रक्कम हयातीतच देण्याचे कलम असते. पॉलिसीचे कागद कपाटात पडून राहिल्याने हे कलम कित्येकदा कोणाच्या वाचनातच येत नाही.

आयकरात कॅन्सरचा सारा खर्च वजा होतो, हेही खरे नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम ८०डीडीबी नुसार ही वजावट ४०,००० रुपयांपर्यंत आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १,००,००० रुपयांपर्यंत असते, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. विम्यातून किंवा मालकाकडून मिळालेली रक्कम तिच्यातून वजा होते. समजा, ६२ वर्षांच्या आईवर मुलाने दीड लाख खर्च केले आणि विमा कंपनीने ७०,००० दिले. मर्यादा १,००,००० रुपयांची, त्यातून ७०,००० गेले, म्हणून वजावट ३०,००० रुपयांचीच मिळते. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी मात्र हवी. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुना क्रमांक सापडला नाही म्हणून सवलत गेली असे समजू नये.

रेल्वेने २०२० मध्ये अनेक सवलती थांबवल्या, तेव्हा कॅन्सर रुग्णांचीही बंद झाली असे अनेकांना वाटते. ती चालू आहे. उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सूट आहे. रुग्णालयाने भरून दिलेला ठरावीक नमुना त्यासाठी लागतो. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईला फेऱ्या मारणाऱ्या घराचे यात दरवेळी बरेच पैसे वाचतात.

आजार बळावल्यावर मागे राहणाऱ्या कर्जाची चिंता रुग्णाला फार पोखरते. वडिलांचे कर्ज मुलांच्या डोक्यावर बसते, ही समजूत कायद्याला धरून नाही. वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. स्वतःच्या कमाईतून ते फेडण्याचे बंधन नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर गोष्ट वेगळी. गृहकर्जासोबत कर्जाचा विमा घेतलेला आहे का, हे बँकेत विचारून ठेवावे. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे: बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण ते कोणाचे हे वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून रुग्णाने दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनीही सह्या केल्या की ते वैध ठरते. रुग्ण खिळून असेल तर शुद्धीवर आणि विचार करण्याच्या स्थितीत असल्याची डॉक्टरांची नोंद त्याच दिवशी घेतलेली बरी. मुखत्यारपत्र मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही, कारण ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. गोव्यात नियम निराळे आहेत. तिथे सर्वसाधारण मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करावे लागते, आणि मुले किंवा आईवडील असताना स्वतःच्या हिश्श्याच्या अर्ध्याच भागाची विल्हेवाट मर्जीप्रमाणे लावता येते. उरलेला अर्धा त्यांच्यासाठी कायद्यानेच राखलेला असतो.